भाडेकरार, वेतनपावती, शिधापत्रिका : हक्कांचे तीन कागद

सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींनी गेल्या अर्धशतकाहून अधिक काळात नाशिकचे रूप पालटले. गोदाकाठच्या तीर्थक्षेत्राचे कारखान्यांच्या शहरात रूपांतर झाले आणि पेठ-सुरगाण्यापासून धुळे-जळगावपर्यंतची, पुढे उत्तर भारतातलीही माणसे कामाच्या शोधात येथे आली. यांतील अनेकांचे जीवन तीन व्यवहारांवर उभे असते. राहायला भाड्याची खोली, हाती ठेकेदाराकडून मिळणारे वेतन आणि अडीअडचणीला सरकारी योजनेचा आधार. या तिन्ही बाबतीत महाराष्ट्रात कायदे आहेत आणि त्यांतील अनेक तरतुदी सामान्य माणसाच्या बाजूने आहेत. अडचण असते ती पुराव्याची. करार तोंडी, वेतन रोखीने आणि शिधापत्रिका गावी, अशी स्थिती असेल तर कायद्याने दिलेला हक्क बजावता येत नाही. शिवाय हे तीन कागद परस्परांत गुंतलेले आहेत. एक नसला की दुसरा अडतो. म्हणून घरभाडे, वेतन आणि शासकीय लाभ या तिन्हींसंबंधीचे नियम एकत्रितपणे समजून घेणे उपयुक्त ठरते.

भाडेकरू की परवानाधारक?

राज्यात भाड्याच्या जागांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यापूर्वी पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा येथे तीन वेगवेगळे कायदे होते. नाशिकला १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा लागू होता. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांकडे पाठविला आणि घराची अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, ही त्यातील तरतूद बरीच गाजली. मात्र तो केवळ नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही. १९९९ च्या कायद्यात अनामत रकमेवर अशी मर्यादा नाही, त्यामुळे ती किती असावी हे करारानेच ठरते.

या कायद्यात दोन प्रकारचे रहिवासी आहेत आणि त्यांच्या हक्कांत मोठे अंतर आहे. पहिला भाडेकरू. जुन्या वाड्यांत आणि चाळींत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे बहुतेक या वर्गात मोडतात. दुसरा परवानाधारक, म्हणजे ठरावीक मुदतीच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणारा. इंदिरानगर, गंगापूर रोड किंवा सिडकोत आज नव्याने फ्लॅट घेणारा रहिवासी बोलीभाषेत भाडेकरू म्हणवला जात असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो बहुधा परवानाधारक असतो.

भाडेकरूला कायद्याचे भक्कम संरक्षण आहे. प्रमाणभाड्याहून अधिक भाडे मागता येत नाही. त्यात वर्षाला चार टक्के वाढ करण्याची मुभा घरमालकाला आहे. भाडे थकले तरी लेखी मागणीची नोटीस देऊन ९० दिवस उलटल्याशिवाय त्या कारणावरून जागा खाली करण्याचा दावा दाखल करता येत नाही. दावा दाखल झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, तीवरील १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरल्यास भाडेकरूचा ताबा वाचू शकतो. पावती देणे घरमालकावर बंधनकारक आहे. घरमालक भाडे घेण्यास नकार देत असेल, तर ते बँकेमार्फत पाठवून त्याचा पुरावा जपणे शहाणपणाचे.

पाणी, वीज, जिन्यातील दिवे, सफाई अशा आवश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय तोडता येत नाहीत. तोडल्यास न्यायालयाकडून त्या पूर्ववत करून घेता येतात. दुरुस्तीची जबाबदारी घरमालकाची. त्याने ती टाळल्यास किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. ही वळती रक्कम वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. मूळ भाडेकरूचे निधन झाल्यास त्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूपणाचा हक्क जातो. दुसऱ्या बाजूने, विनापरवानगी पोटभाडेकरू ठेवणे, वाजवी कारणाशिवाय सलग सहा महिने जागा न वापरणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे किंवा घरमालकाची स्वतःची खरी गरज, ही जागा परत मागण्याची कायदेशीर कारणे आहेत. स्वतःच्या गरजेच्या दाव्यात अधिक हाल कोणाचे होतील, हेही न्यायालयाला तपासावे लागते.

परवानाधारकाची स्थिती निराळी आहे. कराराची मुदत संपली की जागा सोडावी लागते. न सोडल्यास कलम २४ नुसार घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि मुदतीनंतरच्या वास्तव्यासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाई द्यावी लागते. प्राधिकाऱ्याचे समन्स आल्यावर ३० दिवसांत बचावाची परवानगी मागितली नाही, तर अर्जातील विधाने मान्य असल्याचे धरले जाते. त्यामुळे असे समन्स बाजूला ठेवून देणे धोक्याचे. तथापि ताबा परत घेण्याचा मार्ग हा आहे. कुलूप बदलणे किंवा सामान रस्त्यावर काढणे हा नव्हे.

अकरा महिन्यांचा समज

शहरात सर्रास अकरा महिन्यांचे करार होतात. एक वर्षाहून कमी मुदतीच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा त्यामागचा समज. तो १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून आला आणि इतर अनेक राज्यांत बरोबरही आहे. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने तो निरर्थक ठरविला. मुदत कितीही असो, भाडेकरार किंवा लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याहून महत्त्वाचे म्हणजे नोंदणी नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबतचे राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मुद्रांक कागदावर नोटरीचा शिक्का घेतला म्हणजे नोंदणी झाली असे नव्हे.

खर्चाचा बागुलबुवाही अनाठायी आहे. साठ महिन्यांपर्यंतच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते. परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर वार्षिक दहा टक्के दराने काल्पनिक व्याज धरून तेही या हिशेबात मिळवितात. उदाहरणार्थ, मासिक भाडे आठ हजार, अनामत तीस हजार आणि मुदत अकरा महिने असेल, तर भाडे ८८,००० आणि व्याज २,७५० मिळून ९०,७५० रुपये होतात. त्याचा पाव टक्का म्हणजे सुमारे २२७ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार रुपये आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या ही नोंदणी करता येते. दलालाचे मानधन हा यापलीकडचा खर्च असून तो कायद्याने बंधनकारक नाही.

जुन्या वाड्यांचा प्रश्न

जुने नाशिक, भद्रकाली, पंचवटी या भागांत लाकूड, माती आणि विटांचे जुने वाडे अद्याप उभे आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका दरवर्षी त्यांतील धोकादायक वाड्यांना नोटिसा देते आणि दरवर्षी अनेक कुटुंबे जागा सोडण्यास नकार देतात. बाहेरून हा हटवादीपणा वाटतो. प्रत्यक्षात जागा सोडली की हक्क गेला, ही भीती त्यामागे असते. अनेक वाड्यांत नाममात्र भाड्यात घरमालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि कागदाअभावी भाडेकरू हलत नाही. या कोंडीत जीव मात्र राहणाऱ्यांचा टांगणीला लागतो. मुंबई शहरातील उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आहे. नाशिकच्या वाड्यांना ती सोय नाही.

ही भीती कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. महापालिकेच्या नोटिशीनंतर इमारत पाडली गेली, तरी त्या जागेवरील भाडेकरूपण आपोआप संपुष्टात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतन्सी खिमजी या महाराष्ट्रातील प्रकरणात दिला. भाडेपट्टा केवळ भिंतींचा नसतो, खालच्या जमिनीशीही त्याचा संबंध असतो, हे त्यातील सूत्र. भाडे नियंत्रण कायद्यातही दुरुस्ती किंवा पुनर्बांधणीनंतर जागा परत मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी भाडेकरूने विहित मुदतीत लेखी मागणी नोंदवावी लागते.

नोटीस आल्यावर इमारत कोणत्या वर्गात टाकली आहे, हे प्रथम पाहावे. ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी. ‘सी-२ ए’ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी. ‘सी-२ बी’ म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होणारी, तर ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. घरमालक आणि भाडेकरू यांच्या संरचनात्मक तपासणी अहवालांत तफावत असेल, तर ते तांत्रिक सल्लागार समितीपुढे ठेवता येतात. इमारत रिकामी करण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातील क्षेत्रफळाची मोजणी करून ती नोंद महापालिकेकडून लेखी घेणे अत्यावश्यक आहे. २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासासाठी वाढीव चटई क्षेत्राची तरतूद आहे. त्या वेळी हीच नोंद भाडेकरूच्या हिश्श्याचा आधार ठरते. जुन्या भाडेपावत्या, वीजबिले आणि मतदार यादीतील नोंदी यांची जोड तिला असावी. पावसाळ्यात वाड्यात थांबून हक्क टिकत नाही. तो या नोंदींनी टिकतो.

किमान वेतन : दर आणि हिशेब

वेतनाच्या कायद्यात अलीकडे मोठा बदल झाला. १९४८ चा किमान वेतन कायदा, १९३६ चा वेतन प्रदान कायदा, बोनस कायदा आणि समान वेतन कायदा यांची जागा घेणारी वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. जुन्या कायद्यांखालील अधिसूचना नव्या संहितेशी विसंगत नसतील, तर बदलेपर्यंत लागू राहतात.

महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग असतात. एक मूळ दर, जो उद्योग, कौशल्याची श्रेणी आणि परिमंडळ यांवर ठरतो. कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा श्रेणी असतात, तर महापालिका क्षेत्रे सामान्यतः वरच्या परिमंडळात येतात. दुसरा भाग विशेष भत्त्याचा. महागाईच्या निर्देशांकानुसार तो वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, बदलतो. त्यामुळे ‘गेल्या वर्षी ठरलेला पगार’ यंदा किमान वेतनाखाली गेलेला असू शकतो. वेतन तपासताना त्या सहामाहीचा दर पाहावा. किमान वेतनापेक्षा कमी रकमेवर काम करण्यास कामगाराने लेखी संमती दिली असली, तरी तो करार निरर्थक ठरतो. पूर्वी किमान वेतन केवळ अनुसूचित उद्योगांपुरते होते. संहितेने ते सर्व क्षेत्रांतील कामगारांपर्यंत नेले.

मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळाले पाहिजे. नोकरी सोडल्यास किंवा कामावरून काढल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब पूर्ण करणे मालकावर बंधनकारक आहे. कपात कायद्यात नमूद केलेल्या कारणांसाठीच करता येते आणि सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक असू नयेत. जादा वेळेच्या कामाला दुप्पट दर आहे. एकाच कामासाठी स्त्री आणि पुरुष असा वेतनभेद करता येत नाही. वेतनपावती देणे सक्तीचे आहे. ती कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात चालते.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कंत्राटी कामगारांची संख्या मोठी आहे. ठेकेदाराने वेतन बुडविले तर कारखान्याच्या मुख्य मालकाला ते द्यावे लागते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातील हे तत्त्व नव्या संहितांतही कायम आहे. म्हणून ओळखपत्र, हजेरीची नोंद, बँकेत जमा झालेली रक्कम आणि कारखान्याचे नाव असलेला कोणताही कागद जपावा. वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. प्राधिकारी थकित रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देववू शकतो आणि वेतन दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. तक्रारीसाठी सातपूर येथील कामगार उपायुक्त कार्यालय आहे.

वेतनपावतीवरच्या दोन ओळी विशेष पाहाव्यात. मासिक वेतन २१ हजार रुपयांपर्यंत असलेल्या आणि योजनेखाली येणाऱ्या आस्थापनांतील कामगाराला राज्य कामगार विमा लागू होतो. कामगाराचा वाटा पाऊण टक्का, तर मालकाचा सव्वातीन टक्के. सातपूर येथे या योजनेचे रुग्णालय आहे. दुसरी ओळ भविष्य निर्वाह निधीची. पगारातून कपात होते, पण खात्यात भरणा होत नाही, असे आढळल्यास वेळीच तक्रार करता येते. त्यासाठी आपला खातेक्रमांक माहीत असायला हवा. बांधकाम मजुरांसाठी राज्यात स्वतंत्र कल्याणकारी मंडळ आहे. १८ ते ६० वयोगटातील आणि वर्षात ९० दिवस काम केलेल्या मजुराला तेथे नोंदणी करता येते. हे ९० दिवसांचे प्रमाणपत्रच मजुराला मिळवणे जड जाते, कारण तो दर आठवड्याला वेगळ्या ठेकेदाराकडे असतो. प्रत्येक ठिकाणच्या कामाची नोंद त्याच वेळी करून घेणे हाच त्यावर उपाय.

शिधापत्रिका : लाभांची किल्ली

राज्यात पिवळी, केशरी आणि पांढरी अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका आहेत. एक लाखाहून अधिक वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला पांढरी मिळते. अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य गटातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा पाच किलो, तर अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. शहरी भागात प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार रुपये ठरलेली आहे. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे या कायद्याखालील लाभार्थ्याला गावची शिधापत्रिका रद्द न करता नाशिकच्या दुकानातून धान्य घेता येते. त्यासाठी आधार जोडणी आणि ई-केवायसी पूर्ण असावे लागते.

मात्र शिधापत्रिकेचे महत्त्व धान्यापुरते नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जुलै २०२४ पासून प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण असून पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही त्यात सामावून घेतले आहे. अंगीकृत रुग्णालयात दाखल होतानाच तेथील आरोग्यमित्राकडे नोंद करावी. बिल भरून झाल्यावर अशी नोंद उपयोगाची ठरत नाही. २८ जून २०२४ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्नाच्या महिलांना दरमहा दीड हजार रुपये देण्याचे ठरले. त्यातही पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असणाऱ्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट होती. पुढे या योजनेतही ई-केवायसी सक्तीचे झाले.

निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. विधवा, दिव्यांग, अनाथ, घटस्फोटित महिला अशा ६५ वर्षांखालील व्यक्ती तिला पात्र ठरतात, तर ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. २०२३ मध्ये दोन्हींतील रक्कम दरमहा दीड हजार झाली. २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ती अडीच हजार करण्यात आली. वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य, या सर्वसाधारण अटी आहेत. दिव्यांगांसाठी उत्पन्नमर्यादा ५० हजार आहे. अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. अनेक पात्र वृद्धांचे अर्ज वास्तव्याच्या पुराव्यावर अडतात आणि इथेच नोंदणीकृत भाडेकराराचे मोल कळते. वर्षानुवर्षे शहरात राहूनही पत्त्याचा एकही कागद नसेल, तर पंधरा वर्षांचे वास्तव्य सिद्ध करायचे कसे, हा प्रश्न उरतो.

दाद कोठे मागावी?

उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, शिधापत्रिकेतील बदल अशा सेवांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. अर्ज केल्यावर पोचपावती आणि अर्जक्रमांक घ्यावा. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला गेला, तर ३० दिवसांत त्याच विभागातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील, त्यानंतर दुसरे अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. आयोगाचे कार्यालय नाशिक महसूल विभागासाठीही आहे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. ‘उद्या या’ हे उत्तर तोंडी ऐकून परतणाऱ्याला या कायद्याचा लाभ होत नाही. फेटाळण्याचे कारण लेखी मागणे हा त्याचा हक्क आहे.

न्यायालयात जाण्याची ऐपत नसलेल्यांसाठी जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपयांची मर्यादा आहे. घराबाहेर काढलेला वाड्यातील भाडेकरू, वेतन बुडालेला कंत्राटी कामगार आणि अनुदान अडलेली विधवा, या तिघांनाही हे दार उघडे आहे.

नव्याने शहरात आलेल्या कुटुंबाने कागदांचा क्रम असा ठेवावा. प्रथम भाडेकराराची नोंदणी. त्याच्या आधारे आधारवरील पत्ता आणि मतदार यादीतील नाव. मग शिधापत्रिकेची जोडणी किंवा बदल आणि त्यानंतर उत्पन्नाचा दाखला. कामावर रुजू होताच ओळखपत्र आणि दरमहा वेतनपावती, तीही न चुकता जपून ठेवलेली. हे सारे अडचण येण्यापूर्वी करायचे असते. रुग्णालयाच्या दारात, वाड्यावर नोटीस लागल्यावर किंवा ठेकेदार निघून गेल्यावर कागद जमवायला घेतले, तर हक्क असूनही वेळ हातातून गेलेली असते.